परबकाकांचा परदेश

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर परदेश आहे. दारावरच्या पाटीवर 'द. रा. परब' असं लिहिलंय, पण त्याने फसू नका. बेल वाजवली की आधी आतून "नेक्स्ट!" असा आवाज येतो, बाहेर तुम्ही एकटे असलात तरी. मग दार उघडतं आणि ऑगस्टच्या उकाड्यात कानटोपी, मफलर आणि काळा चष्मा अशा थाटात परबकाका समोर उभे असतात. खाली लुंगी. काकांचा परदेश कमरेपर्यंतच असतो.

खऱ्या परदेशात काका कधी गेलेले नाहीत. त्यांच्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. मालवणजवळच्या एका वाडीतून ते तरुणपणी मुंबईत आले, भांडुपच्या एका औषध कंपनीत स्टोअरकीपर झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. सगळ्यांत लांबचा प्रवास म्हणजे कंपनीच्या कामासाठी बडोदा, तोही पोट बिघडून अर्धाच झाला. पण आमच्या सोसायटीतला एकही मुलगा, एकही मुलगी काकांच्या घरी एक दिवस काढल्याशिवाय विमानात बसलेली नाही. व्हिसा लागला की आई देवापुढे साखर ठेवते आणि बाप परबांकडची तारीख घेतो. या दिवसाला काका 'पहिला दिवस' म्हणतात. आम्ही बाकीचे त्याला 'परबांची ट्रायल' म्हणतो, अर्थात त्यांच्या मागे.

"माणसाची वाट लागते ती पहिल्या दिवशी," असं काकांचं मत आहे. "दुसऱ्या दिवसापासून तो नुसता कंटाळतो. कंटाळ्यावर औषध आसा. पहिल्या दिवसावर नाय."

हे मत ते कुणालाही, कुठेही ऐकवतात. मला त्यांनी ते पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते आणि माझ्या घरातून परदेशी कोण जाणार, असं समजून निवांत होते. माझी सई तेव्हा शाळेत होती. पोरी कोथिंबिरीपेक्षा लवकर वाढतात. बघता बघता ती इंजिनियर झाली, तिला आयर्लंडच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला आणि काका स्वतःहून आमच्याकडे आले.

"आयर्लंड म्हणजे कुठे गो?"

"इंग्लंडच्या बाजूला, काका," सईने सांगितलं.

"म्हणजे इंग्लंडचं नाहूर." काकांनी मान हलवली. मुलुंडच्या माणसाला शेजारचं चिमुकलं नाहूर स्टेशन म्हटलं की जे वाटतं, ते सगळं त्या मान हलवण्यात होतं. "चालेल. रविवारी सकाळी ये. सामान घेऊन. खाली पेट."

मी सांगितलं की आमची मुलगी पुण्याला होस्टेलला राहिलेली आहे, तिला असल्या गोष्टींची गरज नाही. काका म्हणाले, "पुण्याला राहिली, म्हणजे परक्या लोकांची सवय आहे. तरी पण ये."

रविवारी सईबरोबर मीही गेले, केवळ गंमत बघायला. काकांनी दिवाणखान्याच्या मधोमध इस्त्रीचं टेबल आडवं लावलं होतं. त्यामागे स्वतः उभे. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलीस. तू रांग हो."

"रांग?"

"हिच्या मागे बॅग घेऊन उभी रहा. अधूनमधून घड्याळात बघ. पुढे ढकल. धक्के दे."

मी बँकेत बावीस वर्षं नोकरी करणारी बाई. रांगेच्या पलीकडे बसायची सवय. पण उभी राहिले.

"पर्पज?" काकांनी सईला विचारलं.

"स्टडी, काका."

"काका नाय! ऑफिसर! या डब्यात काय आहे?"

"मेतकूट."

"व्हॉट इज मेतकूट?"

सई गडबडली. जन्मभर मेतकूट-भात खाल्लेल्या माणसालाही मेतकूट म्हणजे काय हे इंग्रजीत विचारलं की घाम फुटतो. "इट इज अ... पावडर."

काकांनी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की इस्त्री खाली पडली. "संपलीस! पावडर म्हणालीस? आत गेलीस तू! मेले, विमानतळावर पिवळी, पांढरी, कसलीच पावडर म्हणायची नाही. भातावर घालायचा मसाला म्हणायचं. आणि हसायचं. पण जास्त नाही. जास्त हसलं की बॅग उघडतात."

मी मागून धक्का दिला. मला मजा यायला लागली होती, हे कबूल केलं पाहिजे.

इस्त्रीच्या टेबलावरून सुटका झाली की पुढचा मुक्काम मागची खोली. या खोलीत एक गुंडाळलेली गादी सोडली तर काही नाही. पडदा नाही, पाण्याचा तांब्या नाही, मोबाइलला रेंज नाही. एसी मात्र आहे, काकांच्या घरातला एकमेव, आणि तो खास या कामासाठी घेतलाय. तो अगदी खाली नेऊन ठेवतात. दिव्याचं बटण दाराजवळ नसतं, ते त्यांनी वायरमनकडून मुद्दाम कपाटामागे बसवून घेतलंय. बाथरूममध्ये गरम पाण्याच्या नळाला गार पाणी येतं. काका स्वतः आलटून पालटून घरमालक होतात, बसचा ड्रायव्हर होतात, दुकानदार होतात, आणि प्रत्येक भूमिकेत इतकं भयंकर इंग्रजी बोलतात की त्यानंतर जगातलं कुठलंही इंग्रजी समजतं. दाराला आपोआप लागणारं कुलूपही आहे, कारण तिकडे तसं असतं. या कुलपाने आजवर विद्यार्थ्यांपेक्षा गुरूंनाच जास्त वेळा बाहेर काढलंय. एकदा ते कानटोपी आणि बनियनवर जिन्यात अडकले होते आणि किल्लीवाला येईपर्यंत जाणाऱ्या-येणाऱ्यांना गंभीरपणे सांगत होते, "हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे."

संध्याकाळी शेवटचा धडा. तो उपदेशाचा असतो. त्यात दोन गोष्टी सक्तीच्या. नव्या घरात पाऊल टाकल्यावर पहिलं दूध उतू घालायचं. आणि दुसरं, त्याच दिवशी शेजाऱ्याकडे विरजण मागायला जायचं.

"विकत मिळतं ना दही, काका," सई म्हणाली.

"दही मिळतं. शेजारी मिळत नाही. काही दिलंस तर लोक थँक्यू म्हणून दार लावतात. मागितलंस तर दार उघडं ठेवून आत जावं लागतं त्यांना. तेवढ्यात घर दिसतं, माणूस दिसतो."

आता हे ऐकायला छान आहे. पण वरच्या मजल्यावरच्या नाईकांचा रोहन कॅनडाला गेला तेव्हा त्याने हे सगळं तंतोतंत पाळलं. सकाळी उठून दूध उतू घातलं. ते शेगडीवर सांडलं, करपलं, धूर झाला, छतावरची घंटा ठणाणा वाजायला लागली आणि आगीचा बंब आला. अख्खी इमारत कडाक्याच्या थंडीत, रात्रीच्या कपड्यांत रस्त्यावर. नाईकवहिनी इकडे कपाळाला हात लावून बसल्या. नाईक तरातरा काकांकडे जाब विचारायला गेले.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "सगळी बिल्डिंग खाली आली?"

"सगळी!"

"म्हणजे पहिल्याच दिवशी सगळ्यांशी ओळख झाली. आपल्याकडे याला हळदीकुंकू लागतं."

कांबळ्यांची स्नेहल जर्मनीत नर्स म्हणून गेली. तिने शेजारच्या म्हातारीकडे खाणाखुणा करून विरजण मागितलं. म्हातारीने आतून स्ट्रॉबेरीचं दही आणून दिलं. स्नेहलने तेच दुधाला लावलं. ते लागलंही, फिकट गुलाबी. दुसऱ्या दिवशी ती म्हातारी स्वतःच दार ठोठावत आली, तिच्या दह्याचं या पोरीने केलं काय ते बघायला. आता दोघी दर शनिवारी एकत्र जेवतात. हे काकांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की गुलाबी कढीची चव माझ्या तोंडात आहे.

तर सईची ट्रायल संपत आली होती. मी रांगेच्या नोकरीतून मोकळी होऊन चप्पल शोधत होते. तेवढ्यात काका तिला म्हणाले, "पोचलीस की पहिल्या दिवशी दोन फोन करायचे. एक घरी, एक मला. घरी सांगायचं, सगळं मस्त आहे. मला सांगायचं वाईट काय ते. मस्त आहे असं मला सांगितलंस तर मी फोन ठेवून देईन."

मी चप्पल हातात घेऊनच वळले. "म्हणजे माझ्या मुलीने मला खोटं सांगायचं?"

"तू आई आहेस, वैशाली. तुला खरं सांगून काय उपयोग? तू रडणार. तू रडलीस की ती रडणार. मग तिला दोघींचं रडणं आवरायला लागणार. पहिल्या दिवशी एवढी कामं असतात, त्यात हे कुठे?"

"आणि तुम्ही रडत नाही का?"

"मी कोण लागतो तिचा?" काका मफलर काढत म्हणाले. "म्हणून तर."

सई गेली. विमानतळावर मी अजिबात रडले नाही, घरी येऊन तिच्या उशीच्या खोळी धुवायला टाकताना मात्र धाय मोकलून रडले. पोचली त्या रविवारी दुपारी तिचा फोन आला. "एकदम झकास आहे गं आई! रूम मस्त, हवा मस्त, लोक मस्त." मी फोन ठेवला आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटले. वॉचमनलासुद्धा सांगितलं.

चारच्या सुमारास मी गॅलरीत कपडे काढत होते. खालच्या गॅलरीत काका खुर्ची टाकून बसले होते. फोन कानाला. ते काही बोलत नव्हते, नुसतं "हं" म्हणत होते. मध्येच म्हणाले, "रड. रड गो. माका खंय जायचा आसा?"

माझ्या हातातला टॉवेल खाली पडला, तोही त्यांच्याच गॅलरीत. तो आणायच्या निमित्ताने मी तडक खाली गेले. आज "नेक्स्ट" वगैरे काही झालं नाही. काकांनी दार उघडलं, टॉवेल घडी करून माझ्या हातात दिला.

"सई होती ना?"

"होती."

"काय म्हणाली?"

"ते तुला नाही सांगायचं."

"काका, माझी मुलगी आहे ती!"

"जेवली. एवढं सांगतो. आधी रडली, मग जेवली."

माझा तोल सुटला. मुलगी माझी, तिच्यासाठी रात्ररात्र जागलेली मी, आणि तिचं रडू या लुंगीवाल्या ऑफिसरच्या खात्यात जमा. मी वाट्टेल ते बोलले. दुसऱ्यांच्या पोरांची दुःखं गोळा करायचा कसला हा छंद, म्हणाले. आणि मग, बोलू नये ते बोलून गेले. "तुमचा निलेश सांगतो का तुम्हाला त्याचं वाईट?"

निलेश हा काकांचा एकुलता एक मुलगा. दहा-बारा वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. काकी त्याच्या आधीच वारल्या होत्या. तेव्हा काकांची ट्रायल वगैरे काही नव्हतं. सोसायटीतून बाहेर गेलेला तो पहिला मुलगा.

मला वाटलं काका आता दार लावून घेतील. ते म्हणाले, "आत ये. बस."

इस्त्रीचं टेबल भिंतीला टेकवलेलं होतं. काका त्याच्या बाजूला वेताच्या मोड्यावर बसले.

"निलेश गेला त्या दिवशी फोन आला होता. मी विचारलं, जेवलास? म्हणाला, हो बाबा, मस्त जेवलो. खोली? मस्त. मी खूश. तुझ्यासारखाच, सगळ्यांना सांगत सुटलो. पेढे वाटले. पुढे तीन वर्षांनी तो सुट्टीवर आला, तेव्हा कुणा मित्राला सांगत होता. मी आतून ऐकलं. त्या दिवशी त्याची बॅगच आली नव्हती. घरमालकाने दार उघडलं नव्हतं. जिन्यात बसून होता, त्या थंडीत, अंगावर मुंबईचा शर्ट. जेवला तर नव्हताच, पाणीसुद्धा प्यायला नव्हता. तिथूनच त्याने फोन केला होता, मस्त आहे सांगायला. आणि मी इकडे पेढे वाटत होतो, वैशाली."

मी टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. मघाशी जे बोलले होते ते परत घेता आलं असतं तर दहा वेळा घेतलं असतं.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. रविवारी या वेळेला निलेशचा फोन येतो, हे सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. काकांनी माझ्याकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि स्पीकर लावला.

"काय रे, कसा आहेस?"

"मस्त, बाबा."

"नोकरी?"

"मस्त चाललीय."

"थंडी सुरू झाली?"

"मस्त आहे हवा. तुमचं गुडघ्याचं काय?"

"माझं काय, मस्त," काका म्हणाले.

आणखी थोडं असंच झालं आणि फोन संपला. काकांनी तो नीट टेबलावर ठेवला, काचेचा असल्यासारखा.

"बघितलंस? इतकी वर्षं मस्तच चाललंय त्याचं. एवढं मस्त कुणाचं असतं का गो?"

आजवर या माणसावर मी किती विनोद केले त्याला हिशोब नाही. पण त्या क्षणी मला एकही सुचला नाही. मला फक्त त्यांचा राग येईनासा झाला.

मी उठले, दारापर्यंत आले. काका मागून म्हणाले, "वैशाली, तुला सांगेल का तो? तू त्याची कोणी नाहीस ना."

दुसऱ्या दिवशी बँकेतून आल्यावर मी निलेशला फोन लावला. लहानपणी आमच्याकडे टीव्ही बघायला यायचा तो, पण कॅनडाला गेल्यापासून वाढदिवसाच्या मेसेजपलीकडे बोलणं नव्हतं. तो बिचारा घाबरलाच. "काकू? बाबा बरे आहेत ना?"

"तुझे बाबा ठणठणीत आहेत. तू कसा आहेस?"

"मस्त, काकू."

"मस्त तुझ्या बाबांसाठी ठेव. मला वाईट काय ते सांग. मी काही तुझी आई नाही, मी रडणार नाही."

तो आधी हसला, आणि मग हसता हसता त्याचा आवाज फाटला. नंतर तो जे बोलत सुटला ते थांबेचना. ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, की जिवावर बेतण्यासारखं काही नव्हतं. एकट्या माणसाचं साठत जातं तसं ते साठलेलं होतं, आणि ते ऐकायला कुणीतरी परकं आणि ओळखीचं, असं दोन्ही एकदम हवं होतं. मी रडणार नाही म्हटलं होतं. फोनवर तरी नाही रडले. कुकरच्या चार शिट्या झाल्या, भात लागला, सुधीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, येऊन गॅस बंद केला. मी "हं" म्हणत होते.

फोन ठेवून दार उघडलं तर काका बाहेरच. हातात बादली, जिना पुसत होते. आमचा मजला त्यांचा नाही आणि जिना पुसायला बाई येते, पण ते पुसत होते. केव्हापासून होते कोण जाणे, पायऱ्या आरशासारख्या झाल्या होत्या.

"बोलला?"

"बोलला."

"वाईट बोलला?"

"बरंच."

काका बादली खाली ठेवून सरळ उभे राहिले. "रडला?"

मी मान हलवली. काय म्हणाला ते सांगू का, असं विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी ओला हात वर केला. "नको. त्याने तुला सांगितलंय." मग न राहवून विचारलं, "किती वेळ?"

"तासभर तरी."

"तासभर!"

काकांचा चेहरा असा काही फुलला की बघत राहावं. बोर्डात पोरगा पहिला आल्यावर बापाचा फुलतो तसा. त्यांनी कठड्याला धरून वर मान केली आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशी हाक मारली, "ओ नाईक! आमचो निलेश तासभर रडलो!"

वरून नाईक घाईघाईने कठड्याशी आले. "अहो काय झालं? काय झालं निलेशला?"

"काय नाय! बरो आसा तो!"

"बरा आहे," काका पुन्हा एकदा म्हणाले, या वेळी हळू, माझ्याशीच, आणि लुंगीच्या टोकाने डोळे पुसले.